फळ्यावरचा दुसरा हुक

बेलवली, बदलापूर पश्चिम
१० ऑगस्ट २०२५

प्रिय कोंडाजी,
सप्रेम जय भीम.

काल राजू कंपनीतून सुटल्यावर काकड्या देऊन गेला. चहा घे म्हटलं तर म्हणाला, "काका, बाबांनी सांगितलंय, उत्तर घेतल्याशिवाय येऊ नको." अरे, तू पत्रच पाठवलं नाहीस, मी उत्तर कशाचं देऊ? मग म्हटलं, आपणच सुरुवात करू. तुमच्या पाड्यावर रेंज येईपर्यंत आपण दोघं काही राहत नाही.

कामाचं बोलतो. अंबरनाथच्या आपल्या कंपनीच्या टेनिस क्लबला डिसेंबरात पन्नास वर्षं होतात. सेक्रेटरी आहे मैत्रेयी, स्टोअरमधल्या शंकररावांची नात. ज्या कुंपणाबाहेर शंकरराव सायकल धरून उभे राहायचे, त्याच्या फाटकाची किल्ली आता हिच्या पर्समध्ये असते. ती परवा उल्हासनगरला, कॅम्प एकला माझ्या दुकानात आली, रॅकेट नव्या तारांच्या गटिंगला टाकली आणि म्हणाली, "काका, स्मरणिकेत तुम्ही लिहायचं. टेनिसमधले असे लोक, जे पहिल्या नंबराच्या दारात गेले आणि दारातच राहिले. त्यात आपल्या क्लबातलेही घ्या." मी म्हटलं, बाई, मी तारा ओढणारा माणूस. तर म्हणे, "बोलता तसं लिहा." शेजारचे लछमनदास गल्ल्यावरून म्हणाले, "साईं, जैसा बोलता है वैसा लिखेगा तो किताब मोटी हो जाएगी."

तर मी दोन माणसं काढलीत. एक, व्हिलास. अर्जेंटिनाचा, डावखुरा, तुझ्यासारखा. सत्त्याहत्तर साली सोळा स्पर्धा जिंकला, त्यात फ्रेंच आणि अमेरिकन दोन्ही. तरी कॉम्प्युटरच्या यादीत दोनच्या वर चढला नाही. तेव्हा यादी दर आठवड्याला निघत नसे. त्याच्या देशातल्या एका पत्रकाराने एका गणितज्ञाला धरून कित्येक वर्षं घालवली, न निघालेल्या आठवड्यांचा हिशेब केला आणि सांगितलं, पंचाहत्तर-शहात्तरमधले काही आठवडे हाच एक नंबर होता. टेनिसची संघटना म्हणाली, जुनं उकरायचं नाही.

दुसरी, गुलागाँग. ऑस्ट्रेलियातल्या मूळ आदिवासींची पोर. तिच्याही बाबतीत शहात्तर सालचे दोन आठवडे असेच निसटले होते. कागद सापडले आणि तिला दोन हजार सातमध्ये सांगितलं, बाई, तुम्ही पहिल्या होतात. एकतीस वर्षांनी. मी विचार करतो, हे ऐकल्यावर तिने आधी काय केलं असेल? चहा ठेवला असेल का?

दोघांत फरक एवढाच की एकीचे कागद कुणीतरी मान्य केले.

आता मुद्दा. स्मरणिकेच्या शेवटी आपल्या फळ्यावरच्या पहिल्या नंबरांची यादी छापायची आहे. तो फळा अजून आहे, एकाखाली एक हुक, हुकाला पत्र्याचे बिल्ले. वरच्या माणसाला हरवलं की शनिवारी संध्याकाळी तुमचा बिल्ला एक हुक वर. बिल्ले बदलायचं काम कोर्ट राखणाऱ्या मार्करचं, म्हणजे माझं. वरच्या हुकाला नऊ वर्षं वर्क्स मॅनेजर बिवलकर साहेब. खालच्या हुकाला चार वर्षं तू. फेब्रुवारी शहाऐंशीचा तुमचा सामना धरून, तुझं नाव एका आठवड्यासाठी का होईना, पहिल्या नंबरात घालावं असं माझ्या मनात आहे. तू फक्त हो म्हण.

मायाने काकडीची कोशिंबीर केली. वेणूवहिनींना सांग.

तुझा
हरिचंद्र

◆

बारवी
१७ ऑगस्ट २०२५

हरिचंद्रास रामराम.

पत्र पोचलं. धरण भरत आलंय. भातातलं तण काढायची बेणणी उरकली, गुडघे मात्र शेतातच राहिले. वेणूला पत्र वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, "दुसऱ्या नंबरला भाकर कमी मिलते का?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "मंग?"

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तो सामना मी हरलो. हरलेल्या सामन्याचा पहिला नंबर कुठल्या शाळेत देतात? व्हिलासचे आठवडे मोजायचे राहिले होते. माझं काही राहिलं नव्हतं. तू स्वतः पंचाच्या खुर्चीत बसून मोजत होतास.

आता माझी माणसं ऐक. किर्ती बदलापूरला कॉलेजला जाते, येताना मोबाइलमध्ये जुने सामने भरून आणते. नातीमुळे मी तुझ्यापेक्षा पुढे आहे.

चँग घे. बुटका, सतराव्या वर्षी पाय आखडले म्हणून खालून सर्व्हिस करून त्या लेंडलला वेडं केलं होतं तो. शहाण्णवच्या अमेरिकन फायनलला जिंकला असता तर एक नंबर. समोर सँप्रस. सरळ तीन सेटमध्ये गेला. त्याच्यासमोर क्विटोव्हा ठेव. तिच्या घरात माणूस घुसला, खेळायचा डावा हातच सुरीने कापला. बोटं हलतील का नाही हे डॉक्टरला माहीत नव्हतं. ती दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या फायनलला उभी, जिंकेल ती एक नंबर. हरली. चँगचा एक नंबर गेला म्हणून वाईट वाटतं. तिचा गेला म्हणून मला वाईट वाटत नाही. जिला हात परत मिळाला, तिला नंबर कशाला?

पण माझा खरा माणूस रूड. नॉर्वेचा. बावीस साली अमेरिकेत फायनल, तो आणि अल्काराझ. जिंकेल तो जगात पहिला. दोघांनी कधी पाहिला नव्हता तो नंबर. आणि पहिल्याच सेटमध्ये हा एक चेंडू धावत जाऊन उचलतो, पंच गप्प, आणि हाच पंचाला सांगतो की चेंडूचा दोनदा टप्पा पडला, पॉइंट त्याचा. पंचाला जे दिसलं नाही ते खेळाडूने सांगितलं. सामना हरला. मी किर्तीला तेवढंच चार वेळा लावायला सांगितलं.

स्मरणिकेत त्याला घाल. मला सोड.

कोंडाजी

◆

बेलवली
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय कोंडाजी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. टोमणा पोचला. एकोणचाळीस वर्षं तू तो जपून ठेवलास आणि रूडच्या हातून पाठवलास, तर ठीक आहे. मीही आता सांगून टाकतो. तुला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून ऐक.

तिसरा सेट, सहा-पाच, मॅच पॉइंट तुझा. साहेबांनी बॅकहँडला टाकला, तू फिरून डाव्या हाताने तिरका मारलास, त्यांच्या बेसलाइनच्या कोपऱ्यात. साहेब जागचे हलले नाहीत. तुला ठाऊक आहे, मी डोळ्यांचा माणूस नाही, कानांचा. आजही तार छेडली की किती पौंडांच्या ताणावर आहे ते सांगतो, लछमनदास त्यावर गिऱ्हाइकांशी चहाची पैज लावतात. लाल मातीवर चेंडू पडला की धप्प वाजतो. रेघ म्हणून खिळ्यांनी ठोकलेल्या पट्टीवर पडला की टक्. मला टक् ऐकू आलं. स्वच्छ.

आणि मी म्हणालो, आउट.

पुढचं तुला माहीत. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पुढचे नऊ पॉइंट हरलास. मी खुर्चीवरून उतरलो आणि सायकल काढून थेट घरी आलो. माती सारखी करायची जाळीसुद्धा कोर्टावर फिरवली नाही.

का, ते सांगतो. क्लबात गटिंगचं जुनं मशीन होतं, नवीन येणार होतं. त्या आठवड्यात साहेब मला म्हणाले होते, "हरिचंद्र, जुन्याचं काय करायचं ते रविवारनंतर बघू." एवढंच. बाकीचं काही ते म्हणाले नाहीत. ते मीच ऐकलं. कान तिखट असले की माणूस न बोललेलंही ऐकतो. एप्रिलमध्ये मशीन माझ्या घरी आलं, कॅम्प एकच्या एका जिन्याखाली मी ते लावलं, आणि आज लोक म्हणतात हरिचंद्रने शून्यातून दुकान उभं केलं. मीही म्हणतो. मैत्रेयीने तेच स्मरणिकेत छापायला घेतलंय, फोटोसकट.

जूनमध्ये तू नोकरी सोडून गावाला गेलास. तुझा बिल्ला मीच हुकावरून काढला. तो माझ्याकडे आहे. दुकानात मशीनच्या खणात.

म्हणून तुझं नाव वर घालायचं होतं. आता तरी हो म्हण.

हरिचंद्र

◆

बारवी
७ सप्टेंबर २०२५

हरिचंद्रास रामराम.

राजूकडे माझ्या पत्राची दोनदा चौकशी केलीस, तो म्हणाला. लिहायला बसत होतो, उठत होतो.

आधी एक. टोमणा नव्हता रे. मला रूड आवडतो म्हणून रूड लिहिला. इतकी वर्षं माझी पत्रं तू अशीच वाचतोस का?

दोन. नोकरी मी बापासाठी सोडली. त्याची डावी बाजू गेली होती आणि आवणाला, भाताची रोपं लावायला, माणूस नव्हता. तुझ्या आउटचा त्याच्याशी काही संबंध नाही. एवढं मोठं ओझं तू माझ्या नावाने उचललंस, मला विचारायचं तरी.

तीन. हे नीट वाच. तू सायकलवर निघून गेलास, मी मागे राहिलो. जाळी पडलेली पाहिली, म्हटलं, हरिचंद्रला बरं नसेल, आपण फिरवू. फिरवत त्या कोपऱ्यात गेलो. पट्टीचं टोक खिळ्यातून सुटलं होतं आणि वीतभर पट्टी बाहेरच्या बाजूला वळून पडली होती. त्या वळलेल्या तुकड्यावर चेंडूची गोल खूण. रेघेपासून चार बोटं बाहेर. तुझ्या कानाने बरोबर ऐकलं. पट्टीवरच पडला होता. पट्टी जागेवर नव्हती.

रोज सकाळी खिळे तपासायचं काम तुझं होतं, ते आता बोलत नाही. मी पट्टी सरळ केली, दगडाने खिळा ठोकला, जाळी फिरवली आणि घरी गेलो. चेंडू बाहेर होता. मी दोन नंबर होतो. त्यात मला कधी खोट दिसली नाही. चार वर्षं लोक म्हणायचे, साहेब आहेत म्हणून याला वर जाऊ देत नाहीत. त्या सामन्यानंतर मी म्हणायचो, नाही, मी स्वतः खूण बघितलीय, हरिचंद्र पंच होता. पाड्यावर आजही कुणी विचारलं तर हेच सांगतो. हरिचंद्र पंच होता.

आता चौथं. इथेच मी अडतो.

तुला तो आत वाटला. आत वाटला आणि तू बाहेर म्हणालास. मी इतके दिवस समजत होतो की मी चेंडूला हरलो. आता कळतं की चेंडू आत पडला असता तरी हरलोच असतो. मग त्या दिवशी मी कशाला धावत होतो?

तुझ्यावर रागावलोय असं नाही. रागवायला झालेलं नुकसान लागतं, ते तर काही नाही. पण काहीतरी आहे. वेणूला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत होती, मग म्हणाली, "त्याला इकरं येऊ नको सांग आताच."

म्हणून सांगतो. आताच येऊ नको.

कोंडाजी

◆

बेलवली
१० सप्टेंबर २०२५

प्रिय कोंडाजी,

नाही येत.

तुझं पत्र घेऊन अंबरनाथला गेलो होतो. कोर्ट आता सिंथेटिक आहे, पट्ट्या नाहीत, रंगवलेल्या रेघा आहेत. चेंडू कुठेही पडला तरी आवाज एकच. मी त्या कोपऱ्यात थोडा वेळ उभा राहिलो. खेळणाऱ्या पोरींना वाटलं, आजोबांचं काही हरवलंय.

तुझं पत्र वाचून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो. म्हटलं, चला, चेंडू बाहेरच होता, आपण खरंच बोललो की. मायाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पण तुम्हाला कुठे माहीत होतं?" ती आणि तू बोलून ठेवता का?

लिहायला आणखी काही नाही.

हरिचंद्र

◆

कॅम्प १, उल्हासनगर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय कोंडाजी,

महिना झाला. तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबर आहे. हे पत्र दुकानातून लिहितोय, कारण उद्या मैत्रेयी मजकूर न्यायला येणार.

व्हिलास घातला, गुलागाँग घातली. तुझा चँग आणि क्विटोव्हा घातले. त्यांना जोडीने ठेवायची कल्पना तुझी, तसं लिहिलंय. रूडला दीड पान दिलं. लिहिता लिहिता एक लक्षात आलं. या सगळ्यांची तुलना आपण चुकीच्या टोकाने करत होतो. कोण किती जवळ गेला, किती गुणांनी राहिला, हे कागद सांगतात. पण अगदी जवळ गेल्यावर माणूस काय करतो, हे फक्त तिथे उभ्या असलेल्याला दिसतं. मी उभा होतो, आणि मला दिसलं नाही, ऐकू आलं. तेही अर्धं.

मैत्रेयीने माझ्यावर लिहिलेल्या पानात "स्वतःच्या हिमतीवर" असे शब्द होते. ते मी काढायला लावले. ती म्हणाली, "काका, का? खरं आहे ना?" मी तिला सगळं सांगितलं. तिने पेन्सिलने ते शब्द खोडले. मग म्हणाली, "आजोबा कुंपणाबाहेर उभे असायचे, ते तुम्ही आत आहात हे बघायला. घरी येऊन सांगायचे, आपला माणूस खुर्चीत बसतो." हे मला माहीत नव्हतं, कोंडाजी. मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेखाचा शेवटचा भाग असा केलाय. नक्कल पाठवतो. तू खोड म्हणशील ते खोडीन.

"आमच्या फळ्यावर दुसऱ्या हुकाला चार वर्षं कोंडाजी यांचा बिल्ला होता. पहिल्या नंबराच्या लायकीचा असा खेळाडू या कोर्टाने दुसरा पाहिला नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते एका चेंडूवर राहिले. तो चेंडू चार बोटं बाहेर होता, हे त्यांनीच नंतर खूण पाहून सांगितलं आहे. पंचाने तो बाहेर दिला, पण तो बाहेर आहे म्हणून दिला नाही. पंचाला तो आत वाटला होता. पंच होता या लेखाचा लेखक. क्लबचं जुनं मशीन त्याला पुढे दोन महिन्यांनी मिळालं आणि त्यावर त्याचं दुकान उभं राहिलं. निकाल बरोबर आहे. यादी बदलण्याचं कारण नाही. पंचाचं नाव मात्र या हकिगतीबरोबरच वाचावं."

लछमनदासांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "साईं, धंदे में ऐसा कोई छापता है क्या?" मग स्वतःच्या पैशाने चहा मागवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझा बिल्ला राजूबरोबर पाठवतोय. तो माझ्या खणात असायचं काही कारण नाही.

हरिचंद्र

◆

बारवी
२ नोव्हेंबर २०२५

हरिचंद्रास रामराम.

कापणी झाली. या वर्षी पावसाने भात आडवं पडलं बरंच, तरी पोटापुरतं आलं.

बिल्ला मिळाला. नाव अजून वाचता येतं. वेणूने तो गोठ्याच्या दाराला लावलाय, आता गाय एक नंबर का दोन नंबर ते तिचं तिने बघावं.

मजकुरातलं एक वाक्य खोड. "पहिल्या नंबराच्या लायकीचा" ते. माझी लायकी पुन्हा तू ठरवू नको. बाकी जसं आहे तसं राहू दे. पंचाचं नाव खोडू नको. मी दोनदा वाचलं, तिथे हात थांबला, पण खोडू नको.

इतके दिवस मी काय करत होतो ते सांगतो. तू आउट म्हणालास ते मी ऐकायचा प्रयत्न करत होतो. तुझ्या आवाजात काही वेगळं होतं का, आठवून बघत होतो. आठवत नाही. तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, ते मला वाटतं फक्त विचारायला पाहिलं, नक्की ना? आणि तू मान हलवलीस. मला तेवढं पुरलं होतं. आता ते पुरत नाही, एवढंच झालंय. त्यावर दुसरं काहीतरी पुरवावं लागेल. बसल्या जागी होईल असं दिसत नाही.

राजूबरोबर माझी जुनी रॅकेट पाठवतोय. लाकडी, बाक आलाय, तारा उंदराने खाल्ल्या. गटिंग करून दे. दुसऱ्या कुठल्या मशीनवर नाही. तेच जुनं असेल ना अजून, त्यावर कर. आणि तू स्वतः घेऊन ये. रविवारी, नऊच्या सुमारास. माया वहिनींना आण.

शाळेमागे सपाट जागा आहे. जाळी म्हणून मासे धरायची जाळी बांधलीय. पट्ट्या नाहीत, खिळे नाहीत, चुलीतली राख घेऊन किर्तीने रेघा मारल्यात. राखेवर चेंडू पडला तर काही वाजत नाही. तुझा कान तिथे चालणार नाही. खूणच बघावी लागेल, वाकून, आपल्या गुडघ्यांनी.

पंच वेणू आहे. तिला टेनिस कळत नाही. मी म्हटलं, पाव्हण्याचा एखादा चेंडू सांभाळून घे हां. तर म्हणाली, "आत तं आत, बाहेर तं बाहेर. मना कुनाकरनं मशीन नको हाय."

कोंडाजी